दोन वाक्यांच्या मधलं मानधन

बोलून पोट भरणारे लोक जगात पुष्कळ आहेत. वकील आहेत, विमा एजंट आहेत, पुढारी तर आहेतच. पण यांना शेवटी निकाल, पॉलिसी किंवा गेला बाजार आश्वासन तरी गिऱ्हाइकाच्या पदरात टाकावं लागतं. कथाकथनकार हा एकच इसम असा, की जो तासदीड तास बोलतो, पदरात काही टाकत नाही, गोष्ट खोटी आहे हे त्यालाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही. तरी आपण खूश होऊन घरी येतो. आमच्या बँकेत असा व्यवहार झाला, तर ऑडिटर तीन दिवस मुक्काम ठोकेल.

आमच्या वाईला ऐकण्याची सवय जुनी. माघ-फाल्गुनात कृष्णामाईचे उत्सव घाटाघाटांवर सरकत असतात. एका आळीचा मांडव उतरला की दुसऱ्या आळीचा चढतो. त्यात कीर्तन आलंच. शिवाय मराठी विश्वकोशाचं कार्यालय गावातच असल्यामुळे ज्ञान इथे अकारविल्हे लावून ठेवलेलं. अशा गावाला गोष्ट सांगायची म्हणजे छातीच लागते. पहिल्या रांगेतल्या निवृत्त गुरुजींनी ती वाचलेली असते, दुसऱ्या रांगेने ती ऐकलेली असते आणि तिसऱ्या रांगेत, ती लेखकाला आपणच सुचवली असं मानणारा एकजण बसलेला असतो.

कीर्तनकारबुवांचं त्यातल्या त्यात बरं. पूर्वरंगात निरूपण झालं की मध्ये भजन, बुक्का, हार. तेवढ्यात घसा ओला करून उत्तररंगाचं आख्यान लावता येतं. पद विसरलं तर पेटीवाला सूर धरून असतो. कथाकथनकाराच्या मागे पडदा, पुढे माइक आणि शेजारी तांब्या-भांडं. ऐन वेळी तांब्या काही पुढचं वाक्य सुचवत नाही.

बरं, कागद हातात धरायचा नाही. कागद आला की ते वाचन झालं. पाठ केल्यासारखं म्हणायचं नाही, नाहीतर ती शाळेतली कविता. गोष्ट जणू आत्ताच, जिना चढताना सुचली अशा थाटात सांगायची, आणि तीही दोनशेव्यांदा! मीही 'खाली सही राहिली' हे वाक्य रोज शंभरदा म्हणतो. पण प्रत्येक वेळी ते नव्याने सुचल्यासारखं मला म्हणता येत नाही, आणि त्याला अजून कुणी टाळीही दिलेली नाही.

मला या मंडळींबद्दल एक घरगुती जिव्हाळा आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे त्रिकूट एके काळी गावोगाव कथा सांगत हिंडलं. पाटील पाठ्यपुस्तक मंडळात, मिरासदार कॉलेजात, माडगूळकर पुण्याच्या आकाशवाणीवर. पुढे सभागृहं भरवणारे व. पु. काळे मुंबई महापालिकेत आर्किटेक्ट. म्हणजे चौघेही पगारदार! दिवसा मस्टर आणि रात्री 'धिंड' किंवा 'भुताचा जन्म'. नोकरीने माणूस सुकतो, हे आमच्या हेडकॅशियरचं मत मी तेव्हापासून मानत नाही.

या धंद्यातली खरी मेख मात्र बोलण्यात नाही, थांबण्यात आहे. उघड्यावरचं हसू एकदम येत नाही. आधी सतरंजीवरची पोरं हसतात, मग खुर्च्या, मग घाटाच्या पायऱ्या. एखादे आजोबा शेजाऱ्याला 'काय म्हणाला?' असं विचारतात. शेजारी विनोद समजावून सांगतो, आणि मग ते हसतात. हा शेवटचा हप्ता वसूल होईपर्यंत सांगणाऱ्याने गप्प उभं राहायचं. घाई केली तर पुढचं वाक्य हसण्यात बुडतं. उशीर केला तर कुणीतरी चपला शोधायला लागतं. नेमका तो क्षण कुठल्याही पुस्तकात छापता येत नाही. सांगणारा तो लोकांच्या चेहऱ्यांवर वाचतो.

माझे आजोबा अशा शेवटच्या हप्त्यांपैकीच होते. गावातल्या एका कार्यक्रमाची कॅसेट शेजाऱ्यांनी भरून घेतली होती. आता ती मोबाइलमध्ये उतरवली आहे. तिच्यात सगळं हसू ओसरल्यावर, एक सेकंद सोडून, आजोबांचं खोकत खोकत हसणं स्वच्छ ऐकू येतं. सांगणारा त्यांच्यासाठी थांबलेला आहे. ते झाल्यावरच तो पुढे जातो.

आमचे चिरंजीव ही गोष्ट दीडपट वेगाने ऐकतात. म्हणतात, "बाबा, वेळ वाचतो." वाचतो खरा. थांबणं सगळं उडून जातं आणि आजोबा खारीसारखे चिरकतात. मी त्याला म्हटलं, "अरे, तो माणूस तुझ्या पणजोबांसाठी थांबलाय. तुला काय घाई?" त्याने वेग कमी केला. मान्य केलं असं नाही, पण केला. शंकर पाटील १९९४ साली गेले, माडगूळकर आणि व. पु. २००१ साली, मिरासदार २०२१ साली. त्यांची वाक्यं पुस्तकांत सुखरूप आहेत. थांबणं तेवढं या फितींवर उरलंय, आणि तेही दीडपटीच्या बटणापर्यंतच.

म्हणून अजूनही कुणी पोरसवदा गडी माइकपुढे हात बांधून उभा राहिला, की मला बरं वाटतं. बँकेत आहे म्हणून आमच्या मंडळाची खजिनदारी माझ्याच गळ्यात. यंदा असाच एक तरुण आला होता. ऐन रंगात पुलावरून एका ट्रकने लांबलचक हॉर्न दिला. हा गडी थांबला, ट्रक जाऊ दिला, पुलाकडे बघून नमस्कार केला आणि मगच भूत झाडावरून खाली उतरवलं. सगळा घाट हसला.

कार्यक्रमानंतर चिटणीस मला बाजूला घेऊन म्हणाले, "मानधन ठीक आहे हो, पण तासाभरात पंधरा मिनिटं तर गप्पच होता!"

मी व्हाउचर पूर्ण रकमेचं केलं. 'कशाबद्दल' या रकान्यात 'कथाकथन' एवढंच लिहिलं. खरं म्हणजे 'बोलणे व थांबणे' असं लिहायला हवं होतं, पण रकाना लहान होता.