बिनखुणेचा बिल्ला

पाली म्हटली कीं बहुतेक वाचकांस अष्टविनायकांतील बल्लाळेश्वर आठवतो. आम्ही गेलों ती पाली निराळी. रत्नागिरीहून हातखंब्यावरून येणारी वाट जेथें गोव्याकडे व कोल्हापुराकडे अशी दुभंगते, त्या नाक्यावरची ही पाली. एक फांटा नाणीज, साखरपा करीत आंबा घाटास लागतो. दुसरा लांज्याकडे वळतो. मोटारी येथें चहापुरत्या थांबतात व निघून जातात. लक्ष्मीपल्लीनाथाचें देवालय आणि जांभ्याच्या गडग्यांआड दडलेलीं कौलारू घरें पाहावयास फारसें कोणी उतरत नाहीं. आम्ही उभयतां श्रावणांतल्या एका उघडिपीच्या दिवशीं उतरलों, तें एका स्नेह्यांच्या घरीं, माळ्यावरची पत्र्याची पेटी पाहण्याकरितां.

आमच्या स्नेह्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धांत वैद्यकीय पथकाबरोबर इटलींत होते. त्यांची दोन पदकें पेटींत होतींच. शिवाय त्यांच्या थोरल्या बंधूंचें सरहद्दीवरच्या मोहिमेचें एक पदक होतें, आणि चिंधींत गुंडाळलेला एक जर्मन बिल्ला. बिल्ला लंबवर्तुळाकार, चार-साडेचार सेंटिमीटर उंच. कडेनें पानांची माळ, मध्यें एकमेकींस छेदणाऱ्या दोन तलवारी, त्यांवर शिरस्त्राण आणि शिरस्त्राणावर टोंकावर उभें केलेलें स्वस्तिक. हें स्वस्तिक पाहून स्नेह्यांच्या मातोश्रींनीं नवी सून म्हणून आल्यावर तो चक्क देवघरांत ठेवला होता व दर दसऱ्यास त्यावर हळदकुंकूहि वाहिलें होतें! तें चिन्ह कोणाचें हें पुढें नातवानें सांगितलें, तेव्हां बिल्ला पेटींत गेला. पानांच्या खांचांतून हळद अजून दिसते.

एवढ्यावर प्रकरण मिटलें असतें. परंतु नातवानें तो पुण्यास एका व्यापाऱ्यास दाखविला. मागें कारखान्याची खूण नाहीं, अर्थात् वस्तु बनावट, असा निकाल त्यानें उभ्या उभ्या दिला. मातोश्रींस तें फार लागलें. पैशांचा प्रश्न नव्हता. "मामंजी खोटें बोलणारे नव्हते," एवढेंच त्या आम्हांस दोनदां म्हणाल्या.

व्यापाऱ्याचें म्हणणें साफ चुकीचें होतें. हा जखमेचा बिल्ला १ सप्टेंबर १९३९ रोजीं सुरू झाला. एक-दोन जखमांस काळा, तीन-चारांस रुपेरी, पांच किंवा अधिकांस सोनेरी. काळे असंख्य लागले व अनेक कारखान्यांनीं ते केले. कांहीं कारखाने मागें क्रमांक ठोकीत: ४ म्हणजे ल्यूडेनशाइडचे स्टाइनहाउअर आणि ल्यूक, ३० म्हणजे व्हिएन्नाची मुख्य टांकसाळ, ६५ म्हणजे इडार-ओबरश्टाइनचे क्लाइन आणि क्वेंट्सर. पण पुष्कळशा अस्सल बिल्ल्यांवर कसलीच खूण नसे. तेव्हां खूण नसणें हा अस्सलपणाविरुद्ध पुरावा नव्हे. उलट खोटा माल करणारा खूण ठोकण्यास विसरत नाहीं, असा अनुभव आहे.

मग बिनखुणेच्या बिल्ल्याचा कर्ता शोधावा कसा? आमच्या घरांतील स्त्रिया वाटीवर नांव नसलें तरी ठोक्यावरून कासार सांगतात, तसलाच हा प्रकार आहे. क्रमांक असलेला बिल्ला शेजारीं ठेवून भिंगानें दोन्ही पाहावयाचे. पोलादी ठसा वापरून वापरून झिजतो, त्यास बारीक चीर जाते; त्या चिरेंत धातु शिरून बिल्ल्यावर केसाएवढी उंच रेघ उमटते. दोन बिल्ल्यांवर तीच रेघ त्याच पानावर सांपडली, तर दोन्ही एकाच ठशाचीं लेकरें. नंतर मागची बाजू: पिन गोल तारेची कीं चपटी, बिजागरी कशी जोडली आहे, आंकडी कोणत्या बाजूस वळविली आहे. येथें मात्र जपावें लागतें. कारखाने असले सुटे भाग बाहेरूनहि घेत, त्यामुळें एकट्या बिजागरीवरून नांव घेणें धाडसाचें.

ही रीत केवळ जर्मन मालापुरतीच नाहीं, याचा पुरावा त्याच पेटींत निघाला. थोरल्या बंधूंचें पदक १९०८ सालीं सुरू झालेलें 'इंडिया जनरल सर्व्हिस'. हें लंडन व कलकत्ता अशा दोन टांकसाळींत होई. पदक वरच्या आडव्या पट्टीस जोडणारी पकड लंडनची असल्यास नक्षीदार, कलकत्त्याची असल्यास साधी. पालीच्या पदकाची पकड साधी निघाली. कलकत्त्याचें म्हणतांच नातवाचा चेहरा खुलला, आणि त्यानें भिंग स्वतःच हातीं घेतलें.

बिल्ला लोहचुंबकास चिकटला. मागून पोकळ होता, व पुढची आकृति मागें उलट खोलगट उमटली होती. म्हणजे पत्र्यावर ठशानें दाबून काढलेला, ओतीव नव्हे. पानांच्या कडा तीक्ष्ण होत्या, ओतकामांतले बारीक फोड कोठें दिसेनात. काळा रंग उडाला तेथें कोंकणच्या पावसानें गंज चढविला होता. बरोबर नेलेल्या छायाचित्रांशीं ताडतां एका क्रमांकाच्या बिल्ल्याशीं पानांची ठेवण व एक उंच रेघ जुळली, आंकडी जुळली नाहीं. म्हणून कारखान्याचें नांव आम्हीं लिहून दिलें नाहीं. युद्धकाळचा बिल्ला, एवढें मात्र निःशंकपणें लिहून दिलें. मातोश्रींस तेवढें पुरेसें होतें.

इटलींत त्या काळीं मराठे शिपाई कमी नव्हते. माणगांवकडील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं टायबरच्या खोऱ्यांत पडले. नामदेव जाधव यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांस गोळीबारांतून मागें आणलें. दोघांसहि व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबांचा 'इटली स्टार' आम्हीं उलटून पाहिला. त्यावर त्यांचें नांव कोरलेलें आहे. हिंदी सैन्यांत हीं पदकें नांव कोरून दिलीं गेलीं. ब्रिटिश सैन्यांतील गोऱ्या शिपायांस मात्र तींच कोरीं मिळालीं. सरकारनें आपल्या माणसांवर केलेली ही मेहेरबानी आम्हांस त्या दिवशीं प्रथमच नीट कळली.

निघतांना मातोश्रींनीं विचारलें, "ज्याचा हा होता, तो जखमेंतून बरा झाला का हो?" जर्मन बिल्ल्यावर शिपायाचें नांव नसतें, आणि आजोबांनीं त्याविषयीं घरांत कधीं कांहीं सांगितलें नव्हतें. त्यांनीं बिल्ला पुन्हा चिंधींत गुंडाळला. नातू हळद पुसूं पाहत होता, ती त्यांनीं पुसूं दिली नाहीं.