क्लाउडचं खातं कुणाच्या नावावर?

आपल्या पोरांनी स्टार्टअप काढला की आम्हाला आनंदच होतो. पण आम्ही पहिल्यांदा विचारतो ते हेच, की क्लाउडचं खातं कुणाच्या नावावर आहे? अनेकदा उत्तर येतं, "ओळखीतल्या एका सरांच्या. त्यांच्याकडे क्रेडिट कार्ड आहे."

मित्रांनो, इथेच मालकी हातची जाते. ॲमेझॉनच्या क्लाउडवर ज्याच्या ईमेलवर रूट खातं, त्याला सगळे अधिकार. तो खातंच बंद करू शकतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशी आपोआप कापली जाणारी रक्कम १५,००० रुपयांवर गेली की जादा पडताळणी लागते, बहुतेकदा ओटीपी, आणि तो कार्डधारकाच्या मोबाइलवर येतो. म्हणजे कोड तुमचा, जागरण तुमचं, किल्ली मात्र दुसऱ्याकडे. साधनं ज्याच्या ताब्यात त्याचंच चालतं, हे जातिव्यवस्था भोगलेल्या समाजाला वेगळं सांगायला नको.

म्हणून खातं संस्थेच्या ईमेलवर काढा. रूटला दुहेरी पडताळणी लावा, रोजच्या कामाला वेगळे युजर ठेवा. पहिल्याच दिवशी बजेट ठरवा. पण बजेटचा साधा इशारा फक्त ईमेल पाठवतो, चालू सर्व्हर थांबवत नाही. जीएसटी नोंदणी असेल तर क्रमांक खात्यात भरा, म्हणजे १८ टक्के कराची वजावट मागता येते. आणि दर महिन्याचं बिल सगळ्यांनी मिळून वाचा.

कुणी म्हणेल, मदत करणाऱ्यावर संशय कशाला? सर चांगलेच असतील. पण उद्या त्यांचं मन बदललं, तर आपल्या हक्काचं काय उरतं? कार्ड उसनं घ्यावं लागलं तर घ्या, खातं मात्र आपलंच ठेवा.