फणसाखालची पिले

गेल्या वैशाखात मांडवीतल्या दिवाडी बेटाच्या धक्क्यावर, कुणीतरी पोत्यात घालून टाकलेली कुत्र्याची तीन पिले मला आढळली. ती घेऊन मी, बेटावर निराश्रित जनावरे सांभाळणाऱ्या आमच्या मावशींकडे गेले. मावशींनी एकाच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. अंगातले पाणी आटल्याची ती खूण. मग विष्ठेतले रक्त पाहून त्या म्हणाल्या, “बाय, ह्यांना आत आणू नकोस.”

मला संताप आला. आत इतक्या जनावरांना थारा, आणि ह्या तिघांनाच नाही? संशय पार्व्होचा होता, हे मला मागाहून समजले. त्याचे विषाणू अंगणाच्या मातीत महिनोन् महिने टिकतात, आणि आतल्या सात पिलांना अद्याप लस टोचायची होती. (दूध पाजण्याची माझी घाईही त्यांनी थांबवली, गाईच्या दुधाने हगवण वाढते म्हणे.)

रात्रभर मावशी फणसाखाली पिलांपाशीच बसून होत्या. विहिरीचा तळ दिसू लागला होता. तरी घरात पाऊल टाकण्यापूर्वी त्यांनी स्नान केले, लुगडे बदलले. पशुवैद्य सकाळच्या फेरीबोटीने पैलतीरावरून आले, तोवर दोन पिले गेली होती.

तिसरे आता माझ्या पडवीत झोपते.