पायाखालचं बटण

बाबांची गाडी माझ्या हाती आली तेव्हा मला तिची दोनच कामं येत होती, बिल्टी लिहिणं आणि डिझेलच्या पावत्या तारखेनुसार लावणं. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी धावपळ बंद करायला सांगितलं आणि स. भु. कॉलेजातून मराठी घेऊन बी. ए. झालेली मी सहा टायरचा, 2006 च्या मॉडेलचा ट्रक सांभाळू लागले. आमचं घर औरंगपुऱ्यात, भाजी मंडीच्या मागच्या बोळात. तिथं हातगाडी वळवतानाही माणसं भिंतीला चिकटतात. ट्रक उभा असतो वाळूज रस्त्याला, गॅरेजशेजारच्या मोकळ्या जागेत.

सुरुवात हिशेबाच्या वहीतून झाली. वर्षभरात ब्रेकचे लायनर दोनदा बदलले होते. बाबांच्या जुन्या वह्या काढल्या, तर पूर्वी एक जोड बराच जास्त टिकत असे. गाडी तीच, काम तेच. सिल्लोडहून मका भरायचा आणि जळगावला उतरवायचा. अजिंठा गाव सोडलं की फर्दापूरपर्यंत घाट उतरतो. ड्रायव्हर मामांना विचारलं, तर ते सहज म्हणाले, “ताई, भरल्या गाडीनं खाली पोचेपर्यंत लायनरचा वास येतोच.” तो ‘येतोच’ मला झोपू देईना. कन्नडचा औट्रम घाट 2023 साली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या आदेशानं जड वाहनांना बंद झाला, त्याआधी बाबा तो किती वेळा उतरले असतील आणि घरी आम्ही काय काय कल्पना करत बसायचो, ते मी विसरलेले नव्हते.

गॅरेजमध्ये उस्तादांना सांगितलं, “लायनर चांगल्या प्रतीचे टाका.” त्यांनी लायनरकडे बघितलंच नाही. मामांना विचारलं, “एग्झॉस्ट ब्रेक चलता क्या?” मामा म्हणाले, “ते पायाखालचं बटण? मी गाडीवर आलो तेव्हापासून बंदच आहे.” मामा गाडीवर पाच वर्षं आहेत.

हा ब्रेक काय असतो, तेच मला माहीत नव्हतं. उस्तादांनी समजावलं ते असं. सायकलचा पंप घे, तोंडावर बोट दाब आणि दांडा ढकल. दांडा अडतो ना? तसंच. पेट्रोलच्या इंजिनात ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की हवा आत येण्याची वाट आवळली जाते आणि इंजिन गाडीला मागं ओढतं. आमच्यासारख्या जुन्या डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर तशी झडपच नसते. पिस्टन हवा दाबतो खरा, पण ती दाबलेली हवा स्प्रिंगसारखी त्याला परत खाली ढकलते, म्हणून नुसता पाय काढून डिझेल गाडी फारशी अडत नाही. यावर उपाय म्हणून टर्बोच्या पुढं, सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपात एक गोल झडप बसवतात. बटण दाबलं की हवेच्या टाकीतली हवा एका छोट्या सिलिंडरात शिरते, त्याचा दांडा झडप फिरवतो आणि धुराची वाट कोंडते. दुसरा, त्याहून छोटा सिलिंडर पंपाचा स्टॉप लिव्हर ओढून डिझेल तोडतो. मग सहाही पिस्टन कोंडलेल्या हवेशी झुंजत राहतात, आणि ती झुंज गिअरमधून चाकांपर्यंत पोचते. लायनर त्यात येतच नाहीत, ते थंड राहतात.

बिघाड शोधायची त्यांची रीत मला फार आवडली. ते टाकीपासून निघाले आणि एकही पायरी न गाळता हवेच्या मागं मागं गेले. मीटरवर आठ किलो हवा. बटणाकडे येणारा पाइप सैल केला, जोरात फुसकारा आला. बटणातून पुढं जाणारा सैल करून मामांना दाबायला सांगितलं, तिथंही फुसकारा. म्हणजे बटण ठीक. मग खाली, झडपेपाशी, काहीच नाही. जोडांवर साबणाचं पाणी लावलं तरी बुडबुडे येईनात. शेवटी हाती लागला तो पाइपचाच एक तुकडा, कधीतरी सायलेन्सरला टेकून वितळलेला आणि आतून मिटलेला. मला वाटलं, सापडलं, संपलं! पाइप बदलला, बटण दाबलं. सिलिंडरचा दांडा जागचा हलला नाही.

त्या दिवशी मी खचले होते. एक बिघाड सापडला म्हणजे तोच बिघाड, असं मी धरून चालले होते. पाच वर्षं बंद पडलेल्या वस्तूत बिघाड एकट्यानं राहत नाही. सिलिंडरचं रबर कडक होऊन तडकलं होतं, ते किटमध्ये मिळालं. खरी अडचण झडपेची होती. काजळी आणि गंज यांनी तिचा शाफ्ट बुशमध्ये असा धरला होता, की पान्यानंही हलेना. नशिबानं ती उघडी राहून अडकली होती. बंद स्थितीत अडकली असती तर गाडीचा दम कोंडून काळा धूर आला असता आणि कुणीतरी लगेच लक्ष दिलं असतं. उघडी अडकली म्हणून गाडी छान ओढत राहिली आणि पाच वर्षं कुणाला काही कळलं नाही.

हातोडा मारायचा नाही, असं उस्तादांनी बजावलं. ओतीव घर तडकतं. म्हणून झडपेचं घर सोडवून मी औरंगपुऱ्याला आणलं आणि ओसरीवर तेलाच्या जुन्या डब्यात डिझेल ओतून त्यात दोन दिवस बुडवून ठेवलं. आईनं नाकाला पदर लावला, पण डबा हलवला नाही. तिसऱ्या दिवशी गॅरेजात गॅसच्या ज्योतीनं हलका शेक देत, थोडं पुढं थोडं मागं करत शाफ्ट निघाला. एका बाजूनं झिजून अंडाकृती झाला होता. लेथवाल्यानं नवा शाफ्ट आणि दोन बुश करून दिले.

घासून साफ केल्यावर झडपेच्या चकतीत एक बारीक भोक दिसलं. मी ते गंजानं पडलेलं समजले आणि लेथवाल्याला वेल्डिंगनं बुजवायला सांगून मोकळी झाले. उस्ताद तेवढ्यात आले म्हणून बरं. “बेटा, ये छेद कंपनी ने दिया है.” वाट पूर्ण कोंडली तर मागचा दाब इतका चढतो, की इंजिनचे एग्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या स्प्रिंगांना न जुमानता नको तेव्हा उघडतात आणि सीटवर आपटत राहतात. किती दाब सोसायचा, ते त्या भोकानं ठरतं. मी चकती हातात घेऊन पुष्कळ वेळ बघत बसले. कुणीतरी हिशेब करून सोडलेली जागा मी मेहनतीनं बुजवायला निघाले होते.

दुसरी चूकही माझीच. जोडणी झाल्यावर शाफ्टला साधं ग्रीस भरपूर लावलं. धुराच्या उष्णतेनं ते जळून त्याचाच कोळसा झाला आणि आठ दिवसांत झडप पुन्हा जड फिरू लागली. परत सोडवली, साफ केली आणि उस्तादांच्या सांगण्यावरून ग्रॅफाइट लावलं. आता ती बोटानं फिरते.

याच दिवसांत मी क्लेसी कमिन्स या अमेरिकी इंजिनकाराविषयी वाचलं. 1931 साली कॅलिफोर्नियातला कॅहोन घाट उतरताना त्यांच्या ट्रकचे ब्रेक गेले आणि पायथ्याच्या फाटकावर ते रेल्वेखाली सापडता सापडता वाचले. ती भीती त्यांनी मनात जपली आणि पुढं इंजिनालाच ब्रेक बनवणारी युक्ती काढली. दाबलेली हवा पिस्टनला परत ढकलायच्या आत व्हॉल्व्ह उघडून सोडून द्यायची. 1961 साली जेकब्स कंपनीनं तो ब्रेक बाजारात आणला. आमचा ब्रेक त्याहून साधा, पण भीती तीच.

भरल्या गाडीच्या पहिल्या फेरीला मी मामांच्या शेजारी बसले. घाट लागण्याआधीच त्यांनी तिसरा गिअर टाकला. ज्या गिअरनं चढतो त्याच गिअरनं उतरायचं. बटणावर टाच ठेवली तसा इंजिनचा आवाज दबून घोगरा झाला आणि गाडी कुणी मागून धरल्यासारखी सावरली. मोठा ब्रेक त्यांनी वळणांपुरता वापरला. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणारे पुष्कळ आहेत. न्यूट्रलमध्ये हा ब्रेक शून्य, कारण चाकांचा इंजिनाशी संबंधच उरत नाही. क्लच दाबला तरी तेच. फर्दापूरला उतरून ड्रमजवळ हात नेला, न टेकवता. ऊब होती, वास नव्हता. मामा काही बोलले नाहीत, चहाचे पैसे मात्र त्यांनी दिले.

तुमच्याकडे जुना ट्रक असेल, किंवा घ्यायचा विचार असेल, तर माल भरण्याआधी सपाटीवर इंजिन चालू ठेवून ते बटण एकदा दाबा आणि कुणाला तरी झडपेचा दांडा बघायला सांगा. आमच्या गाडीत दांडा फिरतो आणि डिझेल तुटून इंजिन बंद पडतं, म्हणजे सगळं ठीक. दांडा हलला नाही किंवा आवाजात काहीच फरक पडला नाही, तर लायनर बदलण्याआधी हवेच्या पाइपापासून शोधायला लागा.