चढाचे दाते

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसाहून दरेकसाच्या वाटेला लागलं की धानाच्या बांध्या मागे पडतात, जंगल सुरू होतं आणि सायकल जड होते. हाजरा फॉल, कचारगड, सगळं याच डोंगरांत. माझ्या लहानपणी घरोघरी काळी सायकल असे. पुढे 44 दात्यांचं चेनव्हील, मागे 18 दात्यांचं फ्रीव्हील. पायडलच्या एका फेऱ्यात ती साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर झकास, चढावर छाती फुटते. मग माणसं उतरत आणि सायकल हाती धरून चालत.

माझ्या मामांना उतरता येत नसे. पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. त्यांची हातानं फिरवायची तीनचाकी. तिलाही गिअर एकच. चढ आला की मागून ढकलायला कुणीतरी लागायचं, बहुतेकदा मीच. कचारगडच्या माघ पौर्णिमेच्या यात्रेला निघायचं तरी भाच्याची शाळा सुटेपर्यंत मामा थांबत. एका दुपारी बाजारातल्या मिस्त्रींनी वरचं चेनव्हील काढून लहान बसवलं, चाकाला 22 दात्यांचं फ्रीव्हील चढवलं, चेनची लांबी जुळवली. म्हणाले, "आता वेग मागू नका, भाऊ." मामांचे हात भराभर फिरत, गाडी मुंगीच्या पावलांनी सरके, पण सरके. शाळेजवळचा चढ त्यांनी एकट्यानं काढला. मी नुसता बाजूनं चालत होतो.

तेव्हापासून कुठलीही सायकल दिसली की मी आधी दाते मोजतो.

पाठ दुखावल्यावर मी रिकम्बंट ट्राइक घेतली. पुढे दोन चाकं, मागे एक, पाठ टेकून बसायचं, पायडल समोर. हिच्यावर उभं राहून अंगाचा भार टाकता येत नाही. गिअर जड असेल तर गुडघे जातात. पण दुचाकी फार हळू झाली की तोल जातो, हिचा जात नाही. म्हणून हिचा गिअर हवा तितका हलका करता येतो.

माझ्या ट्राइकला पुढे 52, 42, 30 अशा चकत्या होत्या, मागे 11 ते 34 दात्यांची कॅसेट. तिशीच्या जागी 22 ची चकती लावली की झालं, असं वाटतं. पण चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा डिरेलर ठरावीकच सैल चेन आवरतो. माझा 45 दात्यांपर्यंत. 52 वजा 22 म्हणजे 30, त्यात कॅसेटचे 23, झाले 53. चेन लोंबणार. म्हणून मोठी चकतीही 44 ची केली. उतारावरचा वेग गेला, त्याचं मला काही वाटत नाही. आता पायडलच्या एका फेऱ्याला गाडी जेमतेम मीटरभर सरकते, आणि दरेकसाचा चढ मी बसल्या बसल्या काढतो. खडीवर मात्र मागचं चाक घसरतं, कारण भार पुढच्या दोन चाकांवर जास्त.

1933 साली फ्रान्सिस फॉरनं शार्ल मोशेच्या अशाच आडव्या सायकलवर तासाभरात 45 किलोमीटरहून अधिक अंतर कापलं. पुढच्याच वर्षी सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं ती शर्यतींतून बाद केली. टूर द फ्रान्समध्ये तर डिरेलरलाच 1937 पर्यंत मज्जाव होता. मला याचा राग येतो. शर्यतीत जे चालत नाही ते दुकानात उशिरा येतं, आणि तालुक्याच्या मिस्त्रीपर्यंत त्याहून उशिरा.

अपंगांना तीनचाकी देताना घरापासून रस्त्यापर्यंत चढ किती, हे विचारलंच पाहिजे. गोंदियाच्या सपाटीला 18 दाते चालतील, दरेकसाला 22 लागतील. दोन्ही फ्रीव्हील हाताशी असली तर मिस्त्रींचं ते थोड्या वेळाचं काम आहे.