बाहेरचा टायर

बी.कॉम. झालेल्या माणसाला दाब म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही, अशी माझी समजूत होती. मार्चअखेरचा दाब, मॅनेजरचा दाब, काउंटरसमोरच्या रांगेचा दाब. वीस वर्षे हे सगळे मी निमूटपणे सोसले. पण ट्रकच्या टायरमधला दाब माझ्या झोपेच्या आड येईल, असे कधी वाटले नव्हते.

तो आला मेहुण्यामुळे. भिवंडीत माणूस एक तर माग चालवतो, नाही तर गोदाम भाड्याने देतो आणि दोन्ही जमले नाही, तर ट्रक घेतो. मेहुण्याने ट्रक घेतला. सहाचाकी, जुना आणि कर्जाऊ. जामीनदार अस्मादिक! "भावोजी, नुसती सही तर करायची!" असे म्हणतच आजवर जामीनदार बुडवले गेले आहेत, हे मला का ठाऊक नव्हते? पण बायको चहा घेऊन समोर उभी होती.

मे महिन्यात कापडाच्या गाठी घेऊन नाशिककडे निघालेला ट्रक शहापूरच्या पुढे बसला. मागचा टायर फुटला. पंधरा दिवसांत दुसरा. नव्या टायरांत हप्ता गेला आणि नोटीस माझ्या घरी आली. असली पत्रे मी वर्षानुवर्षे लोकांना पाठवत आलो. ती वाचताना पोटात गोळा येतो, हे पाकीट फोडल्यावर कळले.

रविवारी ट्रक घेऊन आम्ही अंजूरफाट्याजवळच्या एका टायरवाल्या चाचांकडे गेलो. ड्रायव्हरने लोखंडी टॉमी टायरवर हाणली. ठण्ण! "हवा टाईट आहे, साहेब." चाचांनी गेज लावला. ९० पौंड! या टायरला या वजनाला पाहिजेत ११०.

"दुपारी थांबून हवा सोडतोस?" चाचांनी विचारले.

"तापल्यावर १२५ दाखवतो ना! फुटू नये म्हणून सोडतो."

चाचांनी कपाळावर हात मारला. "अरे, गरम टायर झूठ बोलता है!"

मग माझी शिकवणी झाली. टायर पळून तापला, की आतली हवा फुगते आणि दाब आपोआप चढतो. त्याला घाबरून हवा सोडली, तर टायर थंड झाल्यावर दाब मुळापेक्षा खाली जातो. मऊ टायर वजनाखाली जास्त दबतो, कडा सारख्या वाकतात, आणखी तापतात आणि भर उन्हात तो राम म्हणतो. म्हणजे फुटू नये म्हणून जे करायचे, त्यानेच तो फुटायचा. म्हणून मोजायचे ते सकाळी, गाडी हलण्यापूर्वी आणि भरायचे ते भाराप्रमाणे. जास्त भरली, तरी मधली नक्षी झिजून जाते.

"आणि फुटला तो कुठला?" मी विचारले.

"बाहरवाला. पर गुन्हेगार अंदरवाला." मागे टायरांची जोडी असते. आतल्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात नीट पोचत नाही, म्हणून तो कोणी तपासत नाही. त्याची हवा हळूहळू जाते आणि सगळा भार बिचाऱ्या बाहेरच्यावर पडतो.

मी त्या बाहेरच्या टायरकडे पाहत राहिलो. कर्जदार आणि जामीनदार हे नाते मला कायद्याच्या पेपरातही इतके स्वच्छ कळले नव्हते.

संध्याकाळी मेहुणा आला. माझा दाब १२५ च्या पुढे होता. तोंड उघडले असते, तर वीस वर्षांच्या संसारातली हवा गेली असती. "अहो, काही बोलायचंय का?" बायकोने विचारले. "सकाळी," मी म्हणालो.

सकाळी थंड डोक्याने सांगितले, "गाडी निघण्यापूर्वी रोज सहा टायर गेजने बघायचे, आतले आधी. आणि हप्ता पाच तारखेच्या आत." मेहुण्याने मान हलवली. थकलेला हप्ता त्याने दोन खेपांत भरला आणि पावसाळाभर एकही टायर फुटला नाही.

परवा तो पेढे घेऊन आला. दुसरा ट्रक बघतोय म्हणाला. मी काही बोलण्याआधीच स्वयंपाकघरात कपबश्या वाजल्या.