खाल्ल्या मिठाला जागलेली गाडी

अंकासाठी काहीतरी लिही, म्हणून संपादकांचा दोनदा फोन आला. मी म्हटलं, सध्या माझ्या डोक्यात गाडीशिवाय दुसरं काही नाही. "मग गाडीवरच लिही की," म्हणाले. आता नोव्हायमध्ये बसून गाडीवर लिहायचं म्हणजे आळंदीत जाऊन ज्ञानेश्वरी समजावण्यासारखं आहे. आपल्याकडे कुठल्याही पॉटलकला जा, भाजी वाढून घेताना शेजारी उभा असलेला माणूस ब्रेकवाला, दिवेवाला नाहीतर सीटवाला निघतो. आमचे हे सीटवाले. तेव्हा जाणकारांनी माझ्या चुका पोटात घालाव्यात. गाडीच्या कंपनीचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. दोष तिचा नाहीच, आणि उगाच गणपतीत मोदकाच्या रांगेत कोणी जाब विचारायला नको.

गाडी २००७ सालची मिनीव्हॅन. २०१२ च्या नोव्हेंबरात आम्ही ती साडेअकरा हजार डॉलरला, रोखीत, जुनीच घेतली. तेव्हा तिचे ६२,००० मैल झाले होते, आता १,८१,००० झालेत. ह्या गाडीतून आई-बाबांना दर खेपेला विमानतळावरून आणलं. मंडळाचं मखर तीन वर्षं हिच्यातूनच गेलं. मागच्या सीटवर हळदीचा एक डाग आहे, तो कोणत्या वर्षीच्या मसालेभाताचा हे सांगणारे दोन पक्ष आमच्या घरात आहेत. ह्यांनी पहिल्या दिवसापासून एक डायरी गाडीच्या कप्प्यात ठेवली आहे. तारीख, मैल, काय केलं, किती पैसे. वाण्याच्या खातेवहीसारखी. २०२४ अखेरपर्यंतची बेरीज ९,८४० डॉलर. म्हणजे महिन्याला सत्तरच्या आतच. इतक्यात नव्या गाडीचा हप्ता सोडा, विमासुद्धा धड भरला जात नाही.

ही बेरीज मी फार अभिमानाने मैत्रिणींना सांगायची. आमच्या रत्नागिरीच्या घरात वाढलेली मी. बाबांची बजाज चेतक अठरा वर्षं चालली. सकाळी ती आधी एका अंगाला तिरकी करायची, मग किका मारायच्या, तरी नाही झाली तर प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. वडाखालचा मिस्त्री दहा-वीस रुपयांत काहीही जुळवून द्यायचा. "चालतेय ना? मग चालू दे," हे बाबांचं वाक्य मी सामानात बांधूनच इथे आणलं असावं.

पण त्याच घरातली दुसरी गोष्ट मात्र मी विसरले. कोकणात खारा वारा लोखंड खातो. खिडकीचे गज, अंगणातलं फाटक, पत्र्याची पेटी, सगळ्यांना बाबा दरवर्षी पावसाळ्याआधी तेलरंग लावायचे. एक वर्ष राहिला तर दुसऱ्या वर्षी पोपडे हातात यायचे. इथे समुद्र नाही म्हणून मी निर्धास्त. वास्तविक इथला समुद्र खाली आहे. डेट्रॉईट शहराच्या पोटात सुमारे बाराशे फुटांवर मिठाची प्रचंड खाण आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राची. तिथली यंत्रं सुटी करून विवरातून खाली उतरवतात आणि खालीच जोडतात. ह्या मुलखात हिवाळा लागला की असलं मीठ रस्त्यावर पडतं. त्याने बर्फ वितळतो, आपण कामावर वेळेवर पोचतो, आणि ते खारट पाणी चाकांबरोबर उडून गाडीच्या पोटाला चिकटतं. पातळ पोलादी नळ्या जिथे क्लिपांनी धरलेल्या असतात, तिथे चिखल आणि मीठ साचून राहतं. वरून रंग झकास दिसतो, आतून काम चालू.

गेल्याच्या गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे २०२४ मध्ये, मी तेल बदलायला नेहमीच्या गॅरेजात गेले होते. ग्रँड रिव्हरच्या बाजूचं छोटं गॅरेज, बापलेक दोघंच चालवतात. म्हाताऱ्याने मला लिफ्टखाली बोलावलं आणि बॅटरीच्या प्रकाशात ब्रेकच्या नळ्या दाखवल्या. तपकिरी, फुगलेल्या, सालं सुटलेल्या. म्हणाला, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दोन्ही बदलायला हव्यात, तुकडा जोडून भागणार नाही. लिहून दिलं : १,१८० डॉलर. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात.

नोव्हेंबरात बाबांना दवाखान्यात ठेवलं आणि मी ऐन गर्दीचं तिकीट काढून रत्नागिरीला गेले. डिसेंबरात लेकीच्या कॉलेजच्या अर्जांची फी. जानेवारीत कडाक्याची थंडी, कोण गॅरेजात जाऊन बसतंय. हे सगळं खरं आहे. पण ह्यांना मी तो कागद दाखवला नाही, हेही खरं आहे. दाखवला असता तर त्याच आठवड्यात काम झालं असतं आणि डायरीतली माझी बेरीज अकरा हजारांवर गेली असती. कागद मी डायरीच्याच मागच्या पानात घडी करून ठेवला.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी लेक गाडी घेऊन ट्वेल्व्ह ओक्स मॉलला गेली. तिला लायसन्स मिळून पाच महिने झाले होते. बरोबर एक मैत्रीण. पार्किंगमध्ये शिरून जागा शोधत असताना पुढची गाडी थांबली, हिने ब्रेक दाबला, आणि पाय सरळ खाली गेला. "आई, असं वाटलं की खाली काही नाहीच आहे," हे तिने मला नंतर सांगितलं. तिने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं आणि गाडी नांगराने ढकलून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगात जाऊन रुतली. बंपर फुटला. दोघींना खरचटलंही नाही. दहा मिनिटं आधी ती नोव्हाय रोडवर होती, चाळीस मैलांच्या वेगात, भर रहदारीत. त्या दहा मिनिटांचा विचार मी अजून पूर्ण केलेला नाही.

ब्रेकवाल्या मंडळींनी मला नंतर समजावलं की ब्रेकच्या यंत्रणेत दोन वेगळे मार्ग असतात. एक नळी फुटली तरी दुसरा अर्धा भाग काम करतो. पेडल खूप खाली जातं, जोर जास्त लागतो, गाडी लांब जाऊन थांबते, पण थांबते. पाय तिथेच दाबून धरायचा. हे मी लेकीला शिकवलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. आणखी एक गोष्ट उशिरा कळली. २०१५ साली सरकारच्या महामार्ग सुरक्षा खात्याने मिठामुळे गंजणाऱ्या ब्रेकच्या नळ्यांची एक मोठी चौकशी संपवली, तेव्हा लोकांना इशाराही दिला होता. २००७ आणि त्याआधीच्या गाड्या सात-आठ हिवाळे मीठ खाल्ल्यावर तपासून घ्या, गाडीचं पोट धुवत जा, नळी गंजली तर तुकडा नको, पूर्ण संच बदला. म्हणजे म्हाताऱ्याने मला फुकटात सांगितलं होतं तेच. मिशिगनमध्ये गाडीची दरवर्षी सक्तीची तपासणी नसते. म्हणून तो लिफ्टखालचा माणूसच काय तो आपला तपासनीस.

संध्याकाळी टो केलेल्या गाडीतून सामान काढताना ह्यांनी डायरी आणली आणि कागद जमिनीवर पडला. तारीख वाचली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मी म्हटलं, "अहो, पैसे वाचवायला..." तर म्हणाले, "पैशाचं राहू दे गं. कागद लपवलास का?"

त्याला उत्तर नव्हतं. लेक जिन्यावर बसून ऐकत होती.

गाडी जवळच्या ज्या दुकानात टो झाली होती, तिथून सोमवारी अंदाज आला : ४,३६० डॉलर. नळ्या, टायमिंग बेल्ट, चारी शॉक ॲब्सॉर्बर, सायलेन्सर आणि असं बरंच, सगळं 'तातडीचं'. आपल्या लोकांसाठी इथे थोडं सांगते, कारण आपण लाजतो आणि सही करतो. मिशिगनमध्ये १९७४ पासून कायदा आहे. काम पन्नास डॉलर किंवा त्याहून जास्तीचं असेल तर लेखी अंदाज द्यावाच लागतो. तुमच्या परवानगीशिवाय त्यावर दहा टक्के किंवा पन्नास डॉलर, ह्यांतलं जे कमी असेल, त्याहून जास्त घेता येत नाही. काढलेले जुने भागही, वॉरंटी किंवा बदलीचे सोडून, तुम्हाला परत मिळायला हवेत. दुकानाची नोंदणी सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात असते आणि तक्रारही तिथेच करता येते. आम्ही नम्रपणे नको म्हटलं, पुन्हा टोचे पैसे भरले आणि गाडी म्हाताऱ्याकडे नेली.

"तुला सांगितलं होतं," असं तो म्हणाला नाही. हातोडी घेऊन खाली गेला आणि सांगाड्यावर ठिकठिकाणी ठोकत फिरला. मडकं घेताना आपण वाजवून बघतो ना, तसं. कणखर ठण असा आवाज आला तर हाड शाबूत. थप्प असा मेलेला आवाज आला किंवा हातोडी आत गेली, तर गाडी भंगारात द्यायची, त्यावर एक डॉलर घालायचा नाही. ब्रेक, बेल्ट सगळं नवं घालता येतं, सांगाडा नाही. आमचा ठण वाजला. मग म्हणाला, नळ्या १,१८० मध्येच करतो, ह्या वेळी तांबं-निकेलच्या घालू, त्या गंजत नाहीत. टायमिंग बेल्टची मुदतही उलटली आहे. आमच्या इंजिनाला १,०५,००० मैल किंवा सात वर्षं, आणि आधीचा २०१६ मध्ये बसवला होता. तो चालताना तुटला तर झडपा आणि पिस्टन एकमेकांवर आपटून इंजिनच संपतं. पाण्याच्या पंपासकट ९९०. बाकी सगळं थांबू शकतं, सायलेन्सरचा आवाज सहन करा.

एकूण २,१७०. दुरुस्त झालेल्या गाडीची किंमत फार तर अडीच हजार. भंगारवाला साडेचारशे देत होता. दोन रात्री आम्ही स्वयंपाकघराच्या टेबलावर हिशेब मांडला. जरा बऱ्या जुन्या गाडीचा हप्ता ४८० डॉलर, पाच वर्षं. म्हणजे ही गाडी आणखी पाच महिने चालली तरी खर्च वसूल. हिशेब सोपाच होता. पण ह्यांना गाडी डोळ्यांसमोर नको होती आणि मला ती विकायची नव्हती. दोघांचंही कारण हिशेबातलं नव्हतं. शेवटी लेकीलाच विचारलं. ती म्हणाली, "दुरुस्त करा. पण मी नाही चालवणार."

आणि पाच आठवडे नाही चालवली. शाळेत बसने गेली, क्लासला मी सोडलं. गाडीत शेजारी बसली की प्रत्येक सिग्नलला तिचा उजवा पाय पायपुसणीवर दाबला जायचा. मी बघायची आणि बोलायची नाही. जुन्या नळ्या मी मागून आणल्या होत्या. एका पिशवीत गॅरेजात ठेवल्या आहेत, बोटाने दाबलं तर भुगा होतो. एक दिवस तिने त्या बाहेर काढून बघितल्या, फुटलेली जागा शोधली. मी तिथेच उभी होते. म्हटलं, "हे मला ऑक्टोबरात माहीत होतं." ती म्हणाली, "माहीत आहे मला. मी ऐकलं होतं." एवढंच.

मार्चअखेर तिने किल्ली मागितली. गाडी सुरू केल्यावर ड्राईव्हवेतच ती तीनदा ब्रेक दाबून बघते, मग रिव्हर्स टाकते. मी खिडकीतून मोजते. गेल्या हिवाळ्यात दर दोन आठवड्यांनी, थंडी जरा कमी झाली की, गाडीचं पोट धुवून आणायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. धुण्याचे पैसेही डायरीत लिहिते.

परवा तीच तेल बदलायला गेली होती. येताना म्हाताऱ्याचा नवा कागद घेऊन आली : पुढचे दोन टायर झिजलेत, ३४० डॉलर. मी ऑफिसातून येईपर्यंत तो तिने फ्रिजवर, बाकी सगळ्या कागदांच्या वर, चुंबकाने लावून ठेवला होता. ह्यांनी आधीच वाचून खाली शनिवारची वेळ लिहिली होती.